अस्वल रिकामे आहे

सरकारी विश्रामगृहाच्या खोलीला नाव नसते, क्रमांक असतो. आणि तो क्रमांकही बहुधा दोनच्या पुढे जात नाही, कारण दोन खोल्यांपैकी एक कोणा साहेबांसाठी राखून ठेवलेली असते आणि दुसरीत, त्या साहेबांसमवेत आणखी एखादे साहेब येण्याची शक्यता पूर्णपणे मावळेपर्यंत, आपल्यासारख्याला वळकटी टेकता येत नाही, असा मध्यप्रांत व वऱ्हाडच्या अमदानीपासून चालत आलेला शिरस्ता आहे. एक लोखंडी खाट, तिच्या चार दांड्यांपैकी तिहींना पुरेल एवढी मच्छरदाणी, काच तडकलेला कंदील आणि भिंतीवर टांगलेली ‘सामानाची यादी’ (या यादीत नोंदलेल्या आरामखुर्चीचा शोध घेता घेता पाहुण्यांच्या कित्येक पिढ्या निघून गेलेल्या असतात) एवढा त्या खोलीचा सारा सरंजाम. माझी हयात महसुली दफ्तरात गेली असल्यामुळे अशा खोल्यांशी माझा परिचय दीर्घ आणि सलोख्याचा आहे, आणि त्यांच्याविषयी एक गोष्ट मी निःशंकपणे सांगू शकतो: तेथे उतरलेल्या मनुष्यास आपण अरण्यात आलो आहोत की नाही याविषयी कधी संभ्रम पडला नाही, कारण खिडकीच्या बाहेर अरण्य असे आणि खिडकीच्या आत काहीच नसे.

या रुक्ष परंपरेत पहिली कवित्वाची झुळूक गोंदिया जिल्ह्यात शिरली ती वनखात्याच्याच द्वारे. नागझिऱ्याच्या तळ्याकाठी, जेथे विजेची तार मुद्दामच नेलेली नव्हती, तेथल्या निवासांना ‘लताकुंज’, ‘मधुकुंज’, ‘नीलय’ अशी नावे पडली. ही नावे ज्या कोणा अधिकाऱ्याने सुचविली असतील त्याने तारुण्यात संगीत नाटके पुष्कळ पाहिली असावीत. एरव्ही ज्या ओसरीवर वानरे उड्या मारतात तिला ‘मधुकुंज’ म्हणण्याचे धैर्य महाराष्ट्र शासनाच्या सेवेत राहून कोणाला होणार? पण नावापलीकडे त्या खात्याची कल्पकता गेली नाही, हे त्याचे मोठेच उपकार. लताकुंजात कागदी लता टांगलेल्या नव्हत्या आणि मधुकुंजात कोणी मध ठेवला नव्हता. ठेवला असता तर तो कोणाच्या वाट्याला गेला असता हे पुढे येईलच. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक घेऊन बाहेर आले; मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधास राहिले आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या गृहस्थाच्या संगतीत त्यांनी तेथले पक्षी आणि माणसे दोन्ही वाचून काढली. परंतु आपण ज्या खोलीत निजत होतो तिचे पडदे पट्ट्यापट्ट्यांचे होते की ठिपक्याठिपक्यांचे, याविषयी या दोघांपैकी एकानेही, माझ्या वाचनात तरी, अवाक्षर लिहिलेले नाही. त्यांच्या लेखनातील ही उणीव आता खासगी उद्योजकांनी भरून काढली आहे.

झाले असे की हा मुलूख मुळात तलावांचा आणि धानाचा. कोहळी लोकांनी बांध घालावेत, मालगुजारांनी त्यावर मालकी सांगावी आणि बगळ्यांनी दोघांना न विचारता मासे खावेत, अशी येथली जुनी वहिवाट. खुद्द नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे परंपरा सांगते. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून फुटून गोंदिया हा निराळा जिल्हा झाला, तेव्हापर्यंत येथली जनावरे आपापल्या जागी समान दर्जाने नांदत होती. मग २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा, नवे नागझिरा, कोका असे सारे तुकडे एका दफ्तरात बांधून साडेसहाशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघाच्या नावाने सनद निघाली. आणि एकाच्या नावाने सनद निघाली की बाकीची सारी आपोआप कुळे होतात, हा महसुलाचा सनातन नियम जंगलालाही लागू पडला. या नियमाचे जे मूर्तिमंत दरपत्रक मला पाहावयास मिळाले ते अभयारण्याच्या वेशीबाहेर, धानाच्या बांध्यांच्या कडेला उभारलेल्या एका निवासस्थानी, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही.

दूरध्वनीवर व्यवस्थापक होता. आवाज तरुण, भाषा झाडीपट्टीची, आणि अगत्य इतके की मनुष्याने संकोचून जावे.

“वाघ भरला आहे जी,” तो म्हणाला. “बिबट्याचं पक्कं सांगता येत नाही, एक पार्टी येऊन रायली. अस्वल रिकामं आहे. अस्वल देऊ का?”

मी विचारले, अस्वलाचे काय पडेल. तो म्हणाला, वाघाच्या निम्म्याहून थोडे अधिक, सकाळच्या नाश्त्यासह. मी विचारले, दोघांना पुरेल का. तो म्हणाला, अस्वल ऐसपैस आहे, लागले तर एक गादी जास्तीची टाकू. यावर मी, “मग अस्वलच पक्के करा, अर्धे पैसे आज पाठवितो,” असे म्हणून दूरध्वनी खाली ठेवला. या संभाषणातील माझा तेवढा अर्धा भाग दिवाणखान्यात बसलेल्या शेजारच्या काकूंच्या कानी पडला होता, आणि सेवानिवृत्तीनंतर पुरुष कोणत्या थराला जातात याविषयी त्यांनी आमच्या कुटुंबाशी नंतर बराच वेळ हलक्या आवाजात मसलत केली, असे मला कळले.

प्रत्यक्ष पोचल्यावर ते दरपत्रक स्वागतकक्षाच्या भिंतीवर, चकचकीत आवरणात, शंकरपार्वतीच्या तसबिरीखाली लावलेले आढळले. अग्रस्थानी वाघ: वातानुकूलित, प्रशस्त, ओसरीसह. त्याखाली बिबट: वातानुकूलित, परंतु ओसरी अर्धी. त्याखाली अस्वल आणि गवा हे समान दर्जाचे मानकरी. मग चितळ, ज्याला पंखा होता. मग मोर, ज्याच्या पंख्याविषयी मौन होते. आणि सर्वांत शेवटी, मुख्य इमारतीपासून दूर, पाण्याच्या टाकीमागे, गाडीवानांसाठी बांधलेली सामाईक खोली, जिचे नाव ‘रानकुत्रा’. ते वाचून माझ्यातील महसुली कर्मचारी क्षणभर स्तिमित झाला. आम्ही तीस-तीस वर्षे जिरायत, बागायत, खुश्की, पोटखराबा असे जमिनीचे वर्ग लावण्यात घालविली. पण चतुष्पादांची इतकी निर्दोष प्रतबंदी कोणत्याही बंदोबस्त अधिकाऱ्याला साधली नव्हती. त्यातली खोच अशी की नागझिऱ्याच्या रानाचा ज्यांना खरा परिचय आहे ते रानकुत्र्यांचे नाव आदराने घेतात. दहा-बारा जणांची टोळी एकमेकांना शीळ घालीत सांबराच्या मागे लागली तर खुद्द वाघही आपली शिकार टाकून बाजूला होतो, असे जाणकार सांगतात. पण टोळीने राहणारा, मिळविलेले वाटून खाणारा आणि पिलांना आधी जेवू घालणारा प्राणी आमच्या समाजव्यवस्थेत पाण्याच्या टाकीमागेच राहावयाचा, हे त्या दरपत्रकाने बरोबर ओळखले होते.

अस्वलाच्या दाराची मूठ म्हणजे एक लाकडी पंजा होता, त्यामुळे खोलीत शिरणाऱ्यास प्रत्येक वेळी आधी हस्तांदोलन करावे लागे. आत पलंगावर काळ्या, लांब केसांची एक गोधडी अंथरलेली. मे महिना, गोंदियाचे ऊन, आणि त्यावर ती गोधडी! आमच्या कुटुंबाने ती दोन बोटांनी उचलून कपाटात ठेवली, आणि कपाटाचे दार पुरते लागेना म्हणून त्यातून एक काळी झुलूप रात्रभर बाहेर लोंबत राहिली. परंतु या साऱ्यांहून प्रेक्षणीय असे ते भित्तिचित्र होते. पलंगाच्या मागची समग्र भिंत व्यापून एक धिप्पाड, तांबूस, गुबगुबीत अस्वल हिमशिखरांच्या पार्श्वभूमीवर एका खळाळत्या नदीत उभे राहून, प्रवाहाविरुद्ध उडी मारणारा एक भला मोठा गुलाबी मासा जबड्यात झेलीत होते. चित्रकार आमगावचा, असे व्यवस्थापकाने अभिमानाने सांगितले. चित्र कोणत्या परदेशी दिनदर्शिकेवरून उतरविले होते ते तिचे पान फाटल्यामुळे कळण्यास मार्ग नव्हता. मी त्या चित्रासमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसलो. वैनगंगेच्या खोऱ्यात कोणी हिमशिखर पाहिले? आणि तो गुलाबी मासा, ज्याला आपल्या जन्मस्थानी परत जाण्यासाठी अर्धा महासागर ओलांडावा लागतो, तो तिरोड्यापर्यंत आला कसा?

आपल्या रानातले अस्वल ही निराळीच असामी आहे. काळ्या, विस्कटलेल्या केसांचे, छातीवर पांढुरक्या रंगाचा नाल कोरल्यासारखी खूण मिरविणारे, लोंबत्या ओठाचे आणि लांब वाकड्या नखांचे ते जनावर मासे झेलीत नाही. ते वारूळ उकरते, नाकपुड्या मिटून घेते आणि वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात निसर्गानेच दिलेले नसल्यामुळे जी फट राहते तिच्यातून वाळवी अशी ओढते की तो आवाज शंभर पावलांवर ऐकू यावा. चहा बशीत ओतून पिणाऱ्या आमच्या एका दिवंगत शिरस्तेदारांची मला त्या वर्णनाने नेहमी आठवण होते. पिलांना पाठीवर घेऊन फिरते, मोहाच्या दिवसांत झाडाखाली पडलेली फुले खाते, मध सापडला तर सोडीत नाही (म्हणून मधुकुंजाविषयी मी वर सूचना केली), आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात मोह वेचावयास गेलेल्या माणसाशी अवचित गाठ पडली तर आधी अंगावर येते. या भागातील खेड्यांतून वाघापेक्षा अस्वलाचा धाक अधिक आहे, यात अतिशयोक्ती नाही. व्यवस्थापकाला मी विचारले तेव्हा तो दाराच्या पंज्यावरची धूळ पुसत सहज बोलून गेला, “वाघ वाट सोडते जी. अस्वलाले वाट सोडनं ठाऊक नाही. माझ्या आतेच्या सासऱ्याचं अर्धं तोंड नाही.” आणि लगेच व्यावसायिक स्वरात म्हणाला, “गोधडी आवडली का जी?”

न्हाणीघरात फरशांवर रोहित पक्षी होते, एका रांगेत, एका पायावर. नागपूरच्या दुकानात त्याच फरशा सवलतीत मिळाल्या असा खुलासा झाला. मला त्याचे वैषम्य वाटले ते एवढ्याचसाठी की साऱ्या महाराष्ट्रात ज्याचे घरटे आता याच जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडाऱ्यात काय ते उरले आहे, तो सारस पक्षी या निवासस्थानी कोठेही नव्हता: ना खोलीवर, ना फरशीवर, ना दरपत्रकावर. सहा फुटांपर्यंत उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी धानाच्या बांधीत घरटे करतो, आणि त्याला शेतकऱ्याने सांभाळले तर तो राहतो, नाही तर नाही. दर वर्षी जूनच्या सुमारास परसवाडा, झिलमिली अशा तळ्यांच्या आसमंतात पहाटे माणसे दबा धरून बसतात आणि एकेक मोजतात. आणि ती मोजदाद अद्याप दोन आकड्यांच्या पलीकडे गेलेली नाही. ज्याची सारी बिरादरी एका धर्मशाळेत मावेल, त्याला एका खोलीचे नावसुद्धा मिळू नये?

पलंगावर टॉवेलची घडी घालून एक हत्ती बनविलेला होता, सोंड वर करून बसलेला. “गोंदियात हत्ती कुठला?” असे मी कुटुंबास म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, “अहो, तुम्ही वर्तमानपत्र वाचता की नुसतं धरता?” तिचे बरोबरच होते: २०२१ साली छत्तीसगडातून गडचिरोलीत उतरलेला रानहत्तींचा कळप पुढे अर्जुनी मोरगाव तालुक्यातील धानही तुडवून गेला होता. खोलीतील एकंदर वस्तूंत स्थानिक वस्तुस्थितीशी इमान राखणारा असा तो टॉवेल तेवढाच.

रात्री नऊचा सुमार असेल. भोजन आटोपले होते. भोजनगृहात ‘जंगल मेजवानी’ या नावाखाली शेवया, पनीर आणि लाल रंगाचा एक रस्सा होता, आणि टाकीमागून, रानकुत्र्यांच्या खोलीतून, लाखोळीच्या वड्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता, यावरून कोणत्या वर्गात जन्म घ्यावा याचा मनुष्याने विचार करावा. प्रत्येक खोलीत उशाशी एक बटण होते, ते दाबले असता त्या त्या प्राण्याचा आवाज निघे. वाघाच्या खोलीत नागपूरकडील एक कुटुंब उतरले होते आणि त्यांच्या सहा-सात वर्षांच्या चिरंजीवांस त्या बटणाचा शोध लागला होता. डरकाळी निघे, थांबे, पुन्हा निघे. चितळातल्या वृद्ध दांपत्याने आपले बटण दाबून प्रत्युत्तर म्हणून सावधानतेची हाक दिली, ती निव्वळ निरुपायाने दिली असावी. त्या धुमश्चक्रीत पलीकडच्या बांधीवरून एक रातवा ठोक्यावर ठोका टाकीत होता, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाईल अशी परिस्थिती नव्हती.

आणि मग वाघाच्या खोलीतून एक खरीखुरी किंकाळी आली.

सारे निवासस्थान जागे झाले. व्यवस्थापक कंदिलासारखा हातदिवा घेऊन धावला, मागून आचारी, मागून मी. वाघाचे दार सताड उघडे. आत केशरी आणि काळ्या पट्ट्यांचे पडदे, त्याच पट्ट्यांच्या चादरी, भिंतीवर जबडा उघडलेला, डोळ्यांच्या जागी हिरवे दिवे बसविलेला प्रचंड वाघ. आणि त्या सर्वांच्या मध्ये, पलंगावर उभे राहून एकमेकांस घट्ट धरलेले चौघेजण, थरथर कापत, छताकडे बोट दाखवीत होते. छतावर, वाघाच्या डाव्या कानाच्या थोडी वर, एक पाल होती.

मध्यम आकाराची, सभ्य, घरगुती पाल. त्या खोलीत, त्या इमारतीत, कदाचित त्या क्षणी मैलभराच्या परिसरात माणसांशी एका छपराखाली राहण्यास कबूल झालेला तो एकमेव वन्यजीव असेल. “इथे प्राणी आहेत!” कुटुंबप्रमुख व्यवस्थापकावर ओरडले. एवढे पैसे भरून, तेसुद्धा वाघाचे, हा प्रकार त्यांना अपेक्षित नव्हता. व्यवस्थापकाने केरसुणीने पालीची मनधरणी सुरू केली. पाल वाघाच्या कपाळावरून नाकावर आली, नाकावरून जबड्यात शिरली, आणि वाघाच्या सुळ्याखाली जो तारांचा खळगा होता त्यात दिसेनाशी झाली, तेव्हा व्यवस्थापक मागे वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “वाघानं खाल्ली जी. झोपा आता.”

खोल्यांना अशी सोंगे देण्याची हौस केवळ आपल्याकडची नव्हे. कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पो या गावी रस्ते बांधणारे कंत्राटदार ॲलेक्स मॅडोना यांनी १९५८ साली एक निवासस्थान काढले. त्याच्या शंभराहून अधिक खोल्यांपैकी एकीसारखी दुसरी नाही, आणि त्यांत आदिमानवाची गुहाही आहे, जिच्या भिंती अखंड पाषाणाच्या असून न्हाणीघरात खडकावरून धबधबा पडतो. ज्या गुहेतून सुटण्यासाठी मनुष्यजातीने हजारो वर्षे जिवाचे रान केले, तिच्यात परत एक रात्र काढण्यासाठी लोक आगाऊ पैसे भरतात. याच्या नेमके उलट उदाहरण केनियातील ट्रीटॉप्सचे. १९३२ साली न्येरीजवळ एका उंबरवर्गीय झाडावर बांधलेल्या त्या निवासात प्रारंभी दोनच खोल्या होत्या आणि सोंग कसलेच नव्हते. खाली पाणवठा होता, तेवढे पुरे होते. १९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तेथे रात्रभर जनावरे पाहत असता इंग्लंडात त्यांचे वडील निवर्तले, आणि त्यांची बढती झाडावरच झाली. सोबत आपले जिम कॉर्बेट होते. दोन वर्षांनी ते निवासस्थान जळाले आणि पुन्हा बांधले गेले, तेव्हा खोल्या वाढल्या. कोणत्याही पाणवठ्याचे असेच होते.

त्या रात्री, कपाटातून लोंबणाऱ्या झुलपेकडे पाहत मी असा विचार करीत पडलो की सोंगच घ्यावयाचे तर ते इमानाने का घेऊ नये? प्राण्याचे चित्र काढण्यापेक्षा त्याची वहिवाट पाळावी. सारसाची खोली नवपरिणितांना द्यावी, कारण तो जोडीदार शक्यतो आयुष्यात बदलीत नाही. मात्र अंडी नर आणि मादी पाळीपाळीने महिनाभर उबवितात, त्या न्यायाने त्या खोलीत पलंग एकच असावा आणि झोपण्याच्या पाळ्यांचा तक्ता दाराला लावलेला असावा. अनेक विवाहांची परीक्षा तेथेच होऊन जाईल. चौशिंगा विधी उरकण्यासाठी पुन्हा पुन्हा ठरल्या जागी जातो. तेव्हा त्याच्या खोलीला न्हाणीघर जोडण्याची गरज नाही, ते आवाराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी चालेल, पाहुण्याने पहाटे नेमाने तेथवर चालत जावे. रातवा घरटे बांधीत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालून मोकळा होतो. त्याच्या खोलीत खाट, गादी, कपाट काहीच नको, आणि तरी एखादा पुणेकर त्यासाठी दुप्पट भाडे देईल. कोकिळेच्या खोलीतल्या दांपत्याने आपली मुले रात्री शेजाऱ्यांच्या खोलीत ठेवावीत. वानरांसाठी निराळी खोली कशाला हवी? ती सारी आवारे आपलीच समजतात. त्यांच्यातील सत्तेच्या उलथापालथीवर माडगूळकरांनी ‘सत्तांतर’ लिहिले, आणि येथे तर रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ती उलथापालथ पावाच्या तुकड्यासाठी प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

राहता राहिला वाघ. त्याच्या खोलीचा प्रश्न मला विशेष विचार करावयास लावून गेला, आणि पहाटेच्या सुमारास त्याचा उलगडा झाला: वाघाच्या खोलीचे भाडे सर्वांत जास्त असावे, दार कुलूपबंद असावे, दारासमोर ओल्या मातीत पाऊलठसे असावेत, आणि पाहुण्याने पूर्ण रक्कम भरून चावी मागितली असता व्यवस्थापकाने हात जोडून सांगावे, “काल संध्याकाळी इथंच होता जी.” व्याघ्रदर्शनाचा एवढा यथातथ्य अनुभव दुसऱ्या कोणत्याही सजावटीने देता येणार नाही. नागझिऱ्यात वाढलेला जय नावाचा तो विख्यात वाघ तरी काय निराळे वागला? २०१३ च्या सुमारास कोणालाही न कळविता तो उमरेड-कऱ्हांडल्यास मुक्काम हलवून गेला, तेथे कीर्ती मिळविली, आणि २०१६ च्या उन्हाळ्यापासून जो दिसेनासा झाला तो झालाच. चावी त्याने आजतागायत जमा केलेली नाही.

हे मनाशी घोळवीत मी सकाळी सर्वांसमवेत उघड्या गाडीत बसून चोरखमाऱ्याच्या फाटकातून आत गेलो. सागाची पाने झडलेली, मोह नव्या पालवीने लालसर झालेला, आणि उन्हे वर येण्यापूर्वीची ती थोडीशी थंडी. वाटेच्या वळणावर गाडी थांबली. समोर, रस्त्याच्या मधोमध, सात-आठ रानकुत्री बसली होती; तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, कान ताठ; एक पिलू मोठ्याच्या तोंडाला तोंड लावून काही मागत होते आणि त्याला ते, पोटातून परत काढून का होईना, मिळत होते. आमचा गाडीवान, जो रात्री त्याच नावाच्या खोलीत निजला होता, स्टिअरिंगवर हनुवटी टेकून पाहत राहिला. मागच्या बाकावरून वाघाच्या खोलीतील कुटुंबप्रमुखांनी घड्याळात पाहिले.

“कुत्री काय बघायची?” ते म्हणाले. “ती आमच्या लेआऊटमध्येही आहेत. पुढे चला.”

गाडीवान हलला नाही. टोळीतील एकाने शीळ घातली, साऱ्या जणी उठल्या, आणि घाई न करता, आम्हाला कसलीही सवलत न देता, बांबूत शिरल्या. त्यानंतर गवे दिसले, चितळे दिसली, सर्पगरुड दिसला, तळ्यात मान तेवढी वर काढलेला पाणकावळा दिसला. आणि एका ओल्या ओहळापाशी मार्गदर्शकाने मातीत काठी टेकवून जे सांगावयाचे तेच सांगितले. माझ्या कल्पनेतील खोलीतल्या व्यवस्थापकाचे वाक्य आणि त्याचे वाक्य यांत एका अक्षराचाही फरक नव्हता.

निघण्यापूर्वी स्वागतकक्षात अभिप्रायाची वही पुढे करण्यात आली. माझ्या आधीचा मजकूर ठळक, सुवाच्य अक्षरात होता: “खोलीतील वाघ उत्तम. आवाज स्पष्ट. डोळ्यांतील दिवे रात्री बंद करण्याची सोय असावी. जंगलातील वाघ मात्र असमाधानकारक. त्याबाबत व्यवस्थापनाने लक्ष घालावे. खोलीत पाल आढळली, ही गोष्ट अशा ठिकाणी अशोभनीय आहे.” त्याखाली आमच्या कुटुंबाने आपले लेखणीचे टोक टेकवून एवढेच लिहिले की अस्वलाला मे महिन्यात गोधडी देऊ नये आणि टाकीमागे जे वडे होतात ते पुढेही मिळावेत. मी सही करून वही परत दिली.

व्यवस्थापकाने चष्मा लावला, दोन्ही अभिप्राय काळजीपूर्वक वाचले, टेबलाच्या खणातून तांबडी लेखणी काढली आणि समासात, जिल्हा कचेरीत मी ज्या वळणाचे शेरे आयुष्यभर वाचीत आलो त्याच वळणाच्या अक्षरात, शेरा मारला: “पाल काढली. वाघाबाबत वनखात्यास तोंडी कळविले. वड्यांचे पाहतो.”